सातासमुद्रांपलीकडील नैवेद्य

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की परदेशी वास्तव्य करणाऱ्या आमच्या लेकीसुनांचे प्रश्न आमच्याकडे येऊ लागतात. पूर्वी ते पत्रांतून येत, आता दूरध्वनीवरून येतात. पूजेची वेळ विचारून झाली, की खरा प्रश्न पुढे येतो. येथे मोदकाची पिठी मिळत नाही, दुसरी घेतली तर चालेल का? ओला नारळ नाही, हळदीचे पान नाही, चालेल का? या ‘चालेल का’मागे नुसती स्वयंपाकाची अडचण नसते. आपण केलेला नैवेद्य देवास पोचतो की नाही, ही शंका त्यात असते.

या शंकेपोटी माणसे दोन टोकांना जातात. साहित्य पूर्ण नाही म्हणून कित्येक घरी मोदकच काय, गणपती आणणेही बंद होते. उलट कित्येक घरी, मूळ वस्तू मिळतच नाही तर काहीही ठेवले तरी सारखेच, असे म्हणून दुकानातील कोणतीही मिठाई देवापुढे येते. भाव दोन्हीकडे असेल. पण विचार दोन्हीकडे अपुरा आहे. आमच्या पूर्वसूरींनी या प्रश्नाचा खल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. तो परदेशस्थ वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

शास्त्र काय सांगते?

जैमिनींच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’चा विचार आला आहे. यज्ञास व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे आणि तो मिळत नाही. तर कर्म सोडावे काय? मीमांसक म्हणतात, नित्य कर्म सोडू नये. व्रीहीशी सर्वाधिक साम्य असलेले धान्य, म्हणजे नीवार, देवभात, घ्यावा. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीक घ्यावा, असे ब्राह्मणग्रंथांनीच सांगून ठेवले आहे. नित्य कर्मात सर्व अंगे साधली नाहीत, तर यथाशक्ती जेवढी साधतील तेवढ्यांनी ते करावे. विशिष्ट फळाची इच्छा धरून केलेल्या काम्य कर्मास मात्र ही सवलत नाही. घरोघरचे वार्षिक गणेशपूजन कुलाचार म्हणून होते. ते नित्य-नैमित्तिकाच्या कोटीत येते असे आम्ही मानतो. तेव्हा साहित्याअभावी ते बंद पाडण्यास शास्त्राचा आधार नाही.

येथवर सर्वांस सोयीचेच वाटेल. पण मीमांसकांनी पुढे एक फार मार्मिक प्रश्न विचारला आहे. व्रीहीच्या जागी घेतलेला नीवारही संपला, तर पुढचे द्रव्य कोणासारखे शोधावे? नीवारासारखे की व्रीहीसारखे? उत्तर असे, की व्रीहीसारखे. प्रतिनिधीचा प्रतिनिधी नसतो; दर वेळी दृष्टी मुळाकडेच वळवावयाची. आणि मूळ द्रव्य पुन्हा हाती आले, तर प्रतिनिधी बाजूस ठेवून मूळच घ्यावे. हा न्याय घेऊन आता आपण स्वयंपाकघरात जाऊ.

पिठी, गूळ आणि पान

उकडीच्या मोदकाचे मूळ म्हणजे आंबेमोहोरासारखा सुवासिक, किंचित चिकट तांदूळ. धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळलेला. परदेशातील भारतीय दुकानांत मिळणारी तांदळाची पिठी पुष्कळदा भरड असते. तिची उकड चिरते आणि मोदकाच्या कळ्या फाटतात. अशा वेळी चतुर गृहिणी थाई दुकानाकडे वळतात. तेथील पिठी तांदूळ भिजवून, ओला वाटून केलेली, म्हणून मऊ आणि तलम असते. मात्र तेथे दोन प्रकार असतात. एका प्रचलित थाई छापाच्या पिशवीवर साध्या तांदळाच्या पिठीस तांबडी अक्षरे आहेत, तर चिकट तांदळाच्या पिठीस हिरवी. केवळ हिरवी घेतली तर मोदक वाफेवर बसतो, आकार धरीत नाही. तांबडीत हिरवीची थोडी भर घातली, की आंबेमोहोराच्या जवळ जाता येते. हेच मीमांसकांचे सादृश्य! नावाने तांदूळ असणे पुरेसे नाही; गुणाने मुळाशी जुळले पाहिजे.

भारताने जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. अशा वेळी घरी मूळ पिठी वाटीभरच उरली असेल तर काय करावे? येथेही शास्त्राचा निर्णय आहे. मूळ द्रव्य मुख्य आहुतीपुरतेच असेल आणि शेषकार्यांस पुरणार नसेल, तरी मुख्य आहुतीसाठी तेच घ्यावे. म्हणजे पाच मोदक घरच्या पिठीचे देवापुढे, आणि पंक्तीचे थाई पिठीचे.

गुळाची कथा तर गंमतीची आहे. मेक्सिकोत ‘पिलोन्सियो’, कोलंबियात ‘पनेला’ आणि ब्राझीलमध्ये ‘रापादुरा’ या नावाने जी ढेप मिळते, ती उसाचा रस आटवूनच केलेली असते. तो प्रतिनिधी नव्हे, प्रत्यक्ष गूळच. केवळ नाव निराळे. आग्नेय आशियातील ताडामाडाची साखर ही गोमंतकातील माडाच्या गुळाची बहीण. हळदीचे पान युरोपात दुर्मिळ. पण इंडोनेशियात सुमात्रा बेटावर ते रोजच्या रस्सेदार पदार्थांत घालतात, म्हणून त्या भागात पातोळ्यांस अडचण पडू नये. ओल्या नारळाऐवजी गोठविलेला खव मिळतो, तो उत्तम. सुका कीस घ्यावयाचा तर कोमट दुधात भिजवून त्याचा गेलेला ओलावा परत आणावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. सारणातील खसखस संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे निषिद्ध आहे. प्रेमाने बांधून दिलेली एक पुडी मुलास तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते. तेथे खसखशीवाचून सारण करावे. ‘यथाशक्ती’ या शब्दाचा तोच अर्थ. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ताजी पाने, फळे, बियाणे यांवर कडक निर्बंध आहेत. तेथे बेल, तुळस, दूर्वा सामानात लपवून नेणे हा धर्म नव्हे.

आणि दूर्वा लपवून न्यावयाच्या तरी कशाला? अमेरिकेच्या उष्ण दक्षिण राज्यांत घरांपुढे ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून जी हिरवळ मुद्दाम लावतात, ती आपली दूर्वाच आहे. ती दारात असते. फक्त ओळखणारा डोळा हवा.

आपल्या ताटातील पाहुणे

परदेशी वस्तू देवास कशी चालेल, असे विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावे. आमच्या पंढरीत एकादशीस घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. आपल्याकडील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि रताळेही अमेरिका खंडांतूनच, १४९२ नंतरच्या सागरी व्यापारातून इकडे आले. जे एकेकाळी पाहुणे होते, ते आज इतके घरचे झाले आहेत, की त्यांच्यावाचून उपवास सुचत नाही. मॉरिशसला १८३४ नंतर ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्यापाशी वाणसामानाची दुकाने नव्हती, दूरध्वनी नव्हते. तरी त्यांनी गणपती सोडला नाही. आज त्या देशात गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुटी असते.

ज्यास प्रतिनिधी नाही

मग काहीच बदलता येत नाही, असे काही आहे का? आहे. देवता, अग्नी, मंत्र यांस प्रतिनिधी नाही, असे मीमांसक सांगतात. आणि यजमानासही नाही. सत्रासारखा अपवाद वगळता, ज्याचे कर्म त्यानेच ते केले पाहिजे.

आमच्या मते परदेशातील आजचा खरा प्रश्न येथे आहे. साहित्याची टंचाई दिवसेंदिवस कमी होत आहे. मोठ्या शहरांत तर गोठविलेले तयार मोदकही मिळतात. त्यांत पिठी आपली, गूळ आपला, नारळ आपला; द्रव्यास बोट ठेवण्यास जागा नाही. पण पिठीत हात घालणारा कर्ता तेथे नाही. दिवसभर नोकरी करून थकलेल्या गृहिणीस आम्ही दोष देत नाही. तिने तयार मोदक अवश्य आणावेत. पण एकवीसांपैकी एक तरी मोदक घरी वळावा, आणि तो वळताना शेजारी मुले असावीत, मुलगेही असावेत. तो वाकडा झाला, फुटला, तरी त्या घराचा यजमान तो मोदक आहे.

आणखी एक करावे. प्रतिनिधी घेतला, तर तो कशाचा प्रतिनिधी आहे, हे मुलांस सांगावे. आजीच्या पिठीचा वास कसा असे, उकडीस पाणी किती, पाकळ्या किती, पान कोणते, हे मराठीत एका वहीत लिहून ठेवावे. पुढील पिढीस केवळ नीवार ठाऊक राहिला, तर ती पुढचा शोध नीवारासारखाच घेईल, आणि दोन पिढ्यांत व्रीही कोणासही आठवणार नाही. मूळ ठाऊक असेल, तर जगाच्या कोणत्याही बाजारात त्याच्या जवळचे द्रव्य सापडते. ते घ्यावे, निःशंक मनाने वाफवावे आणि देवापुढे ठेवावे.

श्रीगजाननार्पणमस्तु.