निळ्याच्या त्रेपन्न पायऱ्या

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपरात विषय जत्रेचा असो की एसटी स्टँडचा, आकाश मात्र ठरलेलं असतं. वेळ संपत आली की कागदाच्या वरच्या कडेला कोबाल्ट ब्लूचा एक पट्टा ओढायचा, खाली येता येता त्यात पाणी वाढवत न्यायचं आणि जागा रिकामी वाटली तर चार पक्षी बसवायचे. दोन त्रिकोणी डोंगरांमधला अर्धा सूर्य म्हणजे याच घराण्यातला थोरला भाऊ. मुलांना बोलण्यात अर्थ नाही. पेपरच स्मरणाचा आहे, आणि आकाश कुणी नीट पाहिलेलंच नसतं, तर आठवणार काय?

पुढे हीच मुलं फाउंडेशनला किंवा डिप्लोमाला जातात, ‘निसर्गातून प्रेरणा’ असा प्रकल्प समोर येतो आणि वर्गातली चारपाच जणं तरी ‘आकाश’ निवडतात. पहिल्या पानावर कविता येते, दुसऱ्यावर इंटरनेटवरून छापलेला सूर्यास्त येतो, तिसऱ्या पानावर गाडी अडते. विषय इतका मोठा घेतलेला असतो की हात कुठे घालावा ते कळत नाही. माझ्या मते आकाशावरचा प्रकल्प कल्पनेपासून सुरू करूच नये. तो एखाद्या साधनापासून आणि एका ठरलेल्या जागेपासून सुरू करावा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चित्रकाराचं नाही, जिनिव्हातल्या एका शास्त्रज्ञाचं आहे.

ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा आल्प्सच्या डोंगरांनी झपाटलेला माणूस. उंचावर गेलं की आकाश जास्त गडद दिसतं, हे डोंगरी लोकांना माहीत होतंच. त्याला प्रश्न पडला, किती गडद? मोजायला काहीच नव्हतं. मग त्याने प्रशियन ब्लूने कागदाचे तुकडे रंगवले, पांढऱ्यापासून सुरुवात करून फिक्या निळ्यातून गडद निळ्याकडे आणि शेवटी काळ्यापर्यंत, आणि त्यांना क्रमांक दिले. नंतर हे तुकडे एका वर्तुळाकार पुठ्ठ्याच्या कडेने लावले. शून्य ते 52, म्हणजे एकूण 53 छटा. हेच सायनोमीटर. पुठ्ठा आकाशासमोर धरायचा, जुळणारी छटा शोधायची आणि आकडा लिहायचा. ऑगस्ट 1787 मध्ये सुमारे 4,800 मीटर उंचीच्या माँ ब्लाँच्या शिखरावर तो असे रंगवलेले कागद घेऊनच चढला. त्या शिखरावरच्या आकाशाची नोंद 39 अंश अशी सांगितली जाते. पुढे 1802 मध्ये प्रवासी शास्त्रज्ञ हुम्बोल्टने दक्षिण अमेरिकेतल्या चिम्बोराझो पर्वतावर 46 ची नोंद केली.

मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वेगळीच वाटते. सोस्यूरने तसेच कागद खाली दरीत आणि जिनिव्हात थांबलेल्या माणसांकडेही दिले होते, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवरून एकच आकाश तपासता आलं. हे आपल्याकडच्या दोन शाळांना सहज जमेल. एक दादरची, एक पाचगणीची. पत्राने पट्ट्या पाठवायच्या, वेळ ठरवायची, आकडे ताडून बघायचे. महिन्याभरात दोन्ही वर्गांच्या भिंतींवर जे उभं राहील ते कुठल्याही ‘स्वप्नांच्या आकाशा’पेक्षा बघण्यासारखं असेल.

पट्टी करायची पद्धतही सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो. प्रशियन ब्लूची जलरंगाची ट्यूब, जाड कार्ट्रिज कागद, सुई काढलेली औषधाची सिरिंज आणि बाटल्यांची झाकणं एवढं पुरे. प्रत्येक झाकणात सारखं पाणी घ्यायचं. त्यात रंगाचे थेंब एक, दोन, तीन, चार असे वाढवत गेलात तर शेवटच्या चौकोनांमध्ये फरकच दिसत नाही. डोळ्याला किती थेंब वाढले ते कळत नाही, किती पटीने वाढले ते कळतं. म्हणून एक, दोन, चार, आठ, सोळा असं दुपटीने जायचं, मधल्या छटा हव्या असतील तर दीडपटीने. गडद टोकाला चिमूटभर लॅम्प ब्लॅक. हा रंग ओला असताना खोल दिसतो आणि वाळला की उतरतो, त्यामुळे क्रमांक वाळल्यावरच टाकायचे. आणि दोन पट्ट्या सारख्या हव्या असतील तर दोनदा रंगवायच्या नाहीत. एकच रुंद पट्टी रंगवून ती लांबीत मधोमध कापायची. प्रत्येक चौकोनाला एक भोक पाडलं की त्यातून आकाश आणि भोवती कागद असं एका नजरेत बघता येतं. कागदावर उजेड पडलेला हवा. सावलीत धरलेली पट्टी दोन-तीन घरं खोटं बोलते.

सूर्याकडे बघायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी मुलांना सांगावंच लागतं. परदेशी पुस्तकं सरसकट ‘उत्तरेकडे बघा’ म्हणतात. त्यांच्या देशात सूर्य बारा महिने दक्षिणेतूनच जातो, म्हणून ते खरं. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस येतात ते याच काळाच्या दोन टोकांना. तेव्हा आपण दिशा ठरवताना वेळ सकाळची धरावी आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूचं, जमिनीपासून साधारण अर्ध्या उंचीवरचं आकाश निवडावं. एकदा निवडलं की बदलायचं नाही. सोबत ढग किती तेही लिहावं. वेधशाळा आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग ढगांनी झाकलेत ते नोंदवतात, तीच रीत वहीत वापरता येते.

आठवड्याभरात मुलं प्रश्न विचारायला लागतात, आणि ते प्रश्न भौतिकशास्त्राचे असतात. डोक्यावरचं आकाश गडद आणि क्षितिजाजवळचं पांढुरकं का? लॉर्ड रॅले या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या संशोधकाने 1871 मध्ये दाखवून दिलं की हवेतले अतिसूक्ष्म कण आखूड लांबीच्या लहरी कितीतरी जास्त विखुरतात. दृश्य पट्ट्याच्या जांभळ्या टोकाचा प्रकाश तांबड्या टोकाच्या सुमारे नऊपट विखुरला जातो. सूर्यप्रकाशातच जांभळा कमी असतो आणि डोळाही त्याला कमी दाद देतो, म्हणून आपल्याला निळं दिसतं. क्षितिजाकडे बघताना हवेचा थर फार जाड असतो, प्रकाश त्यात पुन्हा पुन्हा विखुरतो आणि सगळे रंग मिसळून पांढुरका होतो. धूळ आणि बाष्प तेच काम डोक्यावरही करतात. म्हणून मेमधलं विदर्भाचं आकाश निळं म्हणवत नाही आणि पाऊस सरल्यावर आश्विनातलं एकदम धुतल्यासारखं दिसतं. फटाक्यांचा धूर काय करतो ते कळायला हवं असेल तर या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या सकाळची नोंद आणि दुसऱ्या दिवशीची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा.

समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असंच बहुतेकांना वाटत असे. सी. व्ही. रामन 1921 मध्ये इंग्लंडहून जहाजाने परतताना भूमध्य समुद्राकडे निकॉल प्रिझममधून बघत होते. पृष्ठभागावरचं प्रतिबिंब त्यातून कापलं जातं, तरी समुद्र निळाच राहिला. तिथून सुरू झालेला विचार 1928 च्या रामन परिणामापर्यंत गेला. खिशात एक साधन ठेवून आकाशपाण्याकडे बघणाऱ्या माणसाचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे.

चित्रकारांनीही हे केलंय. 1802 च्या डिसेंबरात लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस अशी नावं दिली. वीसेक वर्षांनी जॉन कॉन्स्टेबल हॅम्पस्टेडच्या माळावर कागदावर तैलरंगात नुसते ढग रंगवत होता. 1822 च्या एका मोसमात सुमारे पन्नास. त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा कुठून होता ते लिहिलेलं आहे. चित्रामागची ती ओळ मला चित्राइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, तोही याच जातीचा हट्ट. आणि 1883 च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर त्याची धूळ जगभर पसरून संध्याकाळी पेटल्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा विल्यम अॅस्क्रॉफ्टने चेल्सीत थेम्सच्या काठावरून पेस्टलची पाचशेहून अधिक रेखाटनं केली. रंगीत छायाचित्रण हाताशी नसलेल्या काळात शास्त्रज्ञांनी ती पुरावा म्हणून वापरली. विद्यार्थ्यांना मी मात्र सूर्यास्ताकडे पाठ फिरवायला सांगेन. सूर्य बुडाल्यावर स्वच्छ हवेत पूर्वेला क्षितिजालगत करडा-निळा पट्टा चढताना दिसतो आणि त्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. पंधरा-वीस मिनिटांत खेळ संपतो, आणि चौपाटीवरची सगळी गर्दी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते.

नोंदवही कलाकृती कधी होते, हा खरा अवघड प्रश्न. बायरन किम हा अमेरिकी चित्रकार 2001 पासून दर रविवारी 14 इंची चौरसावर आकाश रंगवतो आणि त्यावरच रोजनिशीसारखं चार ओळी लिहितो. एकेकट्या चित्रात फारसं काही नाही. शेजारी शेजारी लागली की माणसाचं आयुष्य दिसायला लागतं. न्यूयॉर्कच्या 9/11 स्मारक संग्रहालयात स्पेन्सर फिंचने 2,983 जलरंगी चौकोन लावले आहेत, प्रत्येक मृतासाठी एक. त्या सप्टेंबरच्या सकाळचा आकाशाचा निळा आठवण्याचा प्रयत्न म्हणून प्रत्येक चौकोन वेगळ्या निळ्यात आहे. तिथे स्मरण हाच विषय आहे, त्यामुळे आठवणीतून रंगवणं तिथे शोभतं. तुमच्या प्रकल्पाचा विषय निरीक्षण असेल तर चुकलेला दिवस आठवणीतून भरून काढणं ही सरळ लबाडी आहे. चौकोन कोरा ठेवा. तापाने पडलेल्या दिवसांच्या आणि मामाच्या गावाला गेलेल्या दिवसांच्या कोऱ्या जागाही त्या मांडणीत बोलतात. परीक्षकाने नाक मुरडलं तर मुरडू द्या.

प्रशियन ब्लूकडे पुन्हा येतो, कारण हाच रंग आकाशाकडून स्वतःहून उमटवून घेता येतो. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 1842 मध्ये सायनोटाइप शोधला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन क्षारांची द्रावणं मिसळून कागदाला लावायची, अंधारात वाळवायची, उन्हात ठेवायची आणि पाण्याने धुवायची. जिथे ऊन लागलं तिथे लोहाचा तोच निळा रंग तयार होतो. हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातली भांडी वापरू नयेत. बहुतेक जण यावर पानं ठेवून छाप काढतात, छान दिसतात, पण सगळ्यांची सारखीच दिसतात. त्याऐवजी रोज एकाच वेळी एक कोरा चौकोन मोजून तीन मिनिटं गच्चीवर ठेवा. लख्ख दिवशी चौकोन गडद निघतो, ढगाळ दिवशी फिका. कागद मात्र आदल्या रात्रीच तयार करावा. दमट हवेत साठवलेला कागद आपोआप निळा व्हायला लागतो.

आणि ज्यांना रोजची शिस्त जमणार नाही त्यांच्यासाठी आळशी पण सुंदर प्रकार: सोलरग्राफी. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याला सुईने एक भोक पाडायचं, आत ब्लॅक अँड व्हाइट फोटो-पेपर गोल बसवायचा, डबा चिकटपट्टीने बंद करून खांबाला घट्ट बांधायचा आणि विसरून जायचं. महिन्यांनी कागद डेव्हलप न करता थेट स्कॅन करायचा. सूर्याची रोजची वाट एकेक रेघ म्हणून उमटलेली असते, ढग आले तिथे रेघ तुटते. इथेही परदेशी सूचना दक्षिणेकडे तोंड करायला सांगतात. आपल्याकडे उन्हाळ्यातला सूर्य थेट डोक्यावर जातो, म्हणजे रेघा डब्याच्या वरच बाहेर पडतात. पूर्वेला तोंड करा. मुंबईत डिसेंबर ते जून सूर्योदयाची जागा सुमारे 50 अंशांनी उत्तरेला सरकते, तो सगळा प्रवास कागदावर येतो. डबा 22 डिसेंबरच्या सुमारास बांधा. 21 जूनपर्यंत ठेवायचा मोह होईल, पण कोकणात आणि मुंबईत जूनच्या पहिल्या आठवड्यातच उतरवून घ्या. एका वळवाने आत पाणी शिरलं की पाच महिन्यांच्या रेघा पुसल्या जातात. भोक पाडतानाच डब्याच्या बुडाला एक छोटं छिद्र पाडून ठेवलं आणि त्यावर आतून काळी पट्टी अशी लावली की पाणी झिरपेल पण उजेड शिरणार नाही, तर तेवढा धोका कमी होतो.