तुम्हाला काही विचारायचंय?

मुलाखत संपत आली की समोरचे साहेब बायोडेटा बाजूला ठेवत विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आणि आपली बहुतेक मुलं ‘नाही सर, थँक यू’ म्हणून उठतात. शाळेपासून सराव उत्तरं द्यायचा. प्रश्न विचारला की आगाऊपणा ठरायचा. त्यातून घरून निघताना ‘जास्त बोलू नकोस’ अशी ताकीद. स्थळ बघताना दहा ठिकाणी चौकशी करणारे आपण, रोजचे आठ-नऊ तास जिथे काढायचे त्या जागेबद्दल मात्र काही न विचारता होकार देतो.

सर्वांत उपयोगी प्रश्न साधा आहे: ‘ही जागा नवीन आहे, की आधी इथे कोणी होतं?’ आधीच्या माणसाला बढती मिळाली असेल तर इथे माणसं वर जातात हे कळतं. जागा नवीन असेल तर ती का काढली आणि काम शिकवणार कोण, हे लगेच विचारता येतं. ‘सोडून गेले’ असं उत्तर आलं तर ते किती काळ होते, हे शांतपणे विचारावं. वर्षभरात त्याच खुर्चीसाठी तिसरा माणूस शोधत असतील, तर कामाचा बोजा किंवा वरिष्ठांचा स्वभाव यांपैकी एक गोष्ट तपासायलाच हवी.

दुसरा प्रश्न: ‘पहिल्या सहा महिन्यांत मी काय करून दाखवावं, असं तुम्हाला वाटतं?’ हा एचआरला नव्हे, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांना विचारायचा. काम माहीत असलेले साहेब नेमकं सांगतात: या लाइनवरचं रिजेक्शन कमी करायचंय, अमुक ग्राहक सांभाळायचाय. ‘सगळंच बघावं लागेल’ हे उत्तर मिळालं, तर तुमचं काम अजून कुणी ठरवलेलंच नाही.

एचआरला विचारायचं वेगळं. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या पट्ट्यात गेटवर एका कंपनीचा बोर्ड असतो आणि पगाराच्या स्लिपवर कंत्राटदाराचं नाव. म्हणून ‘मी कंपनीच्या रोलवर असेन की कॉन्ट्रॅक्टवर?’ हे सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावं. सीटीसीचा आकडा ऐकून हुरळू नये. अनेक कंपन्या पीएफमधला मालकाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही त्यातच धरतात. दर महिन्याला हातात किती येणार, हे विचारण्यात काहीही वावगं नाही. फक्त तो पहिला प्रश्न नसावा.

मुलींनी रात्रपाळीनंतर घरी सोडायची सोय विचारावी. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीबद्दलही विचारावं. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती नेमणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. एवढ्यावरून जिथे समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, तिथे पुढे काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

कंपनी काय बनवते, शाखा कुठे आहेत, असलं वेबसाइटवर सापडणारं विचारून वेळ घालवू नये. दोन-तीन प्रश्न पुरेत. ते कागदावर लिहून नेले तरी चालतं, उलट तयारी दिसते.

आणि तोंडी उत्तरावर थांबू नका. बॉण्डची मुदत, नोटीस पिरियड, प्रोबेशन हे सगळं ऑफर लेटरमध्ये शोधा. सापडलं नाही तर सही करण्याआधी ईमेल करून विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत हातातली नोकरी सोडू नका.