वजनकाट्याला न दिसणारं पोटॅशियम

पावसाळा तोंडावर आला की जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाचे मथळे ठरलेले. १९९२-९३ साली वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हापासून हे चालू आहे. २०१४ मध्ये हा भाग ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्ह्यात गेला, बातमी मात्र तीच राहिली. सॅम (अतितीव्र कुपोषण), मॅम (मध्यम तीव्र कुपोषण), दंडाचा घेर हे वाचकांना आता पाठ आहे. मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन असं काही लिहिलेलं असतं. हृदयाकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. ते जायला हवं, आणि का ते गणित सांगतं.

१९६० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस नोबल या तरुण संशोधकाने हृदयपेशीतली वीज समीकरणांत मांडली. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या चेतातंतूसाठी केलेलं गणित त्याने हृदयातल्या तंतूंना लावलं. विद्यापीठाचा अवाढव्य मर्क्युरी संगणक त्याच्या वाट्याला यायचा पहाटे २ ते ४. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, एवढ्या देवघेवीतून आलेख ठोक्यासारखा आपसूक उसळत राहिला.

पोटॅशियम पेशीत लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असतं, रक्तात ४. या तफावतीतून पोटॅशियमचा समतोल विद्युतदाब निघतो उणे ९४ मिलिव्होल्ट. रक्तातला आकडा २.५ झाला की उणे १०७. तफावत वाढली, म्हणजे पोटॅशियम जोरात बाहेर पडून पेशी लवकर शांत होईल, असं वाटतं. होतं उलटंच. बाहेर पोटॅशियम कमी पडलं की ते जाण्याच्या वाटाच आक्रसतात, पेशी सावरायला उशीर लागतो आणि मधेच भलता ठोका पडू शकतो. नुसत्या अंदाजाने हे कळत नाही, आकडेमोड करावी लागते.

तीव्र कुपोषित बाळात सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारा पंपच मंदावतो. जुलाबात उरलंसुरलं जातं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी पेशी रित्या असू शकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीत रोज किलोमागे ३ ते ४ मिलिमोल जादा पोटॅशियम आहे. सलाईन जपून, दूध सुरुवातीला थोडं थोडं, आणि सूज दिसली म्हणून लघवीचं औषध द्यायचं नाही. हे नियम वॉर्डातल्या अनुभवाने घडवले; त्यांच्यामागचं कारण समीकरणं उलगडतात.

हल्ली संगणकावरच्या ‘डिजिटल हृदया’चा मोठा गाजावाजा आहे. २०११ चं ओहारा-रूडी मॉडेल शंभरावर निरोगी मानवी हृदयांच्या नोंदींवर उभं आहे. औषधं हृदयाला घातक ठरतील का, हे तपासायला ते वापरतात. काम मोठंच, पण त्या निरोगी हृदयांत मोखाड्याच्या पाड्यावरचं सहा किलोचं बाळ नाही. आपल्या संस्थांना मॉडेल करायचंच असेल, तर या बाळांचं करावं.

ते होईल तेव्हा होईल. तूर्त मंत्री-अधिकाऱ्यांचा दौरा आला की पत्रकारांनी वजनांच्या आकड्यांबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: पोषण पुनर्वसन केंद्राच्या कपाटात पोटॅशियम क्लोराइड सिरपच्या बाटल्या किती आहेत?