आप्पा वाळत का चालले?

खान्देशातल्या कोणत्याही गावात पारावर घटकाभर बसले, तर एखाद्या म्हाताऱ्याविषयी ‘आप्पा पार वाळी गया’ हे वाक्य कानी पडतेच. आप्पांचा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, चेहऱ्यावरचे हसू हरवले आहे, हे सगळ्यांना दिसत असते. पण अंग का वाळले, याचे उत्तर गाव दोनच ठिकाणी शोधते. एक वयात आणि दुसरे सुनेत. ‘वेळेवर खायला घालत नसेल,’ अशी कुजबुज ओट्यावर होते. आणि आत ती बिचारी तीनदा ताट वाढून तीनदा अर्धे परत नेत असते. कंपवाताच्या रुग्णाचे वजन का घटते हे समजून घेणे, म्हणूनच डॉक्टरांइतकेच घरच्यांच्याही गरजेचे आहे.

आयुर्वेदाला परिचित असलेल्या या विकाराचे आधुनिक वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले, म्हणून त्याला पार्किन्सन्स म्हणतात. मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि हालचालींवरचा ताबा सुटू लागतो. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर फिरून केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा जळगाव-धुळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आयुर्मान वाढले की हा आजारही वाढतो, एवढे त्यातून नक्की कळते.

घास अडतो कुठे?

वजन घटण्याची सुरुवात पुष्कळदा नाकापासून होते. या विकारात वासाची जाणीव फार लवकर, कधी हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी मंदावते. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याच्या भरताचा वास ज्याला येत नाही, त्याला भूक तरी कशी लागावी? पुढे गिळण्याचे स्नायू मंदावतात. कोरडी भाकरी, कडक बट्टी घशात अडते, ठसका लागतो आणि ठसक्याच्या धास्तीने माणूस हात आखडता घेतो. जठर उशिरा रिकामे होते, बद्धकोष्ठ पाठ सोडत नाही. खान्देशच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पाणी कमी पडले, की हा त्रास दुणावतो. वरचेवर लघवीला उठावे लागते म्हणून वृद्ध मुद्दाम पाणी टाळतात, तेही घातकच. औषधाची मळमळ आणि मनाची उदासी यांची भर पडते ती निराळीच.

दुसरीकडे खर्च वाढलेला असतो. ताठरलेले स्नायू आणि सततचा कंप यांत शक्ती जळते. शिवाय वजन उतरले आणि गोळीची मात्रा तीच राहिली, तर शरीराच्या दर किलोमागे औषध वाढते. त्यातून अंगाला आपोआप झोके, हिसके बसण्याचा त्रास बळावू शकतो आणि त्यात आणखी शक्ती जळते. हंटिंग्टन नावाच्या आनुवंशिक विकारात तर रुग्ण भरपूर जेवूनही खंगतो. काहींना निरोगी माणसाच्या दुप्पट आहार द्यावा लागतो.

गोळी आणि दुधाचा पेला

आपल्याकडे गोळी दुधाबरोबर देणे ही मायेची रीत आहे. कंपवातात नेमकी तीच नडते. लेव्होडोपा हे मुख्य औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने प्रथिनांचे घटकही जातात. दूध, डाळ, अंडी यांच्या गर्दीत औषध मागे पडते आणि ‘आज गोळी लागूच पडली नाही’ अशी तक्रार येते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने, साध्या पाण्याबरोबर द्यावी. मात्र प्रथिने तोडू नयेत. तोडली तर स्नायू आणखी झिजतात. ज्यांना हा फरक फार जाणवतो त्यांच्यासाठी वरण-उसळीचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात ठेवता येतो. तो बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

केळ्याविषयी तर जळगावकरांना सांगायलाच हवे. केळ्यात डोपामिन असते हे खरे, पण ते मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे केळी खाऊन कंपवात बरा होत नाही. तरीही मऊ, गिळायला सोपे, सुमारे शंभर कॅलरी देणारे आणि प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असलेले हे फळ मधुमेह नसलेल्या रुग्णाला वरदानच आहे. वरणात कुस्करलेली बट्टी, वर तुपाची धार, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे, जेवताना ताठ बसणे आणि घाई न करणे, हे उपाय प्रत्येक घरात होऊ शकतात. ठसका वारंवार लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनियाचा धोका असतो.

वजन नेहमी घटतेच असेही नाही. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कंप थांबतो, खर्च कमी होतो आणि अनेकांचे वजन काही किलोंनी वाढते. काही औषधांनी खाण्याचा अनावर मोहही जडतो. ‘म्हातारपणी जीभ चाळवली’ म्हणून त्यावर हसू नये. औषध बदलून तो आवरता येतो.

महिन्याला एक नोंद

अंगणवाडीत बाळाचे वजन करून तक्त्यावर मांडण्याची पद्धत १९७५ पासून आपल्या अंगवळणी पडली आहे. त्याच घरातल्या आजोबांचे वजन मात्र कोणी कधी केलेले नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा असतो. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी वजन करून वहीत लिहावे. सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त उतरले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. क्षय, मधुमेह, थायरॉईड, कर्करोग यांचीही शहानिशा तेव्हाच होते. कंपवात आहे म्हणून दुसरा आजार होत नाही असे थोडेच आहे!

त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. सूनबाईंनी किती वेळा वाढले आणि आप्पांनी किती खाल्ले, तेही तीत लिहावे. मग वजन का उतरले याचे उत्तर पारावर शोधण्याची वेळ येणार नाही.