नेटवर्क नसतानाही गिधाडाचं लोकेशन कसं कळतं?

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याचा. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याला लागून. डोंगराकडे निघालं की थोड्याच वेळात फोनच्या काड्या गायब! पण अशाच डोंगरांवरून उडणारं गिधाड कुठं कुठं फिरलं, हे शास्त्रज्ञांना बरोबर कळतं. कसं? चला, समजून घेऊया.

एन-११ चा प्रवास

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली पांढऱ्या पाठीची १० गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात आणली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर जीपीएस टॅग बांधून ऑगस्टमध्ये त्यांना मोकळं सोडलं. त्यातलं 'एन-११' हे गिधाड छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक करत थेट तमिळनाडूत पोहोचलं. अंतर जवळपास ४,००० किलोमीटर!

याला नेमकं स्थलांतर म्हणता येत नाही, कारण त्यात ठरलेला ऋतू आणि ठरलेली वाट असते. ही तरुण गिधाडाची भटकंती. अमेरिकेत व्हूपिंग क्रेन नावाच्या क्रौंचांची गोष्ट वेगळी होती. १९४१ मध्ये ते जेमतेम विशीच्या घरात उरले होते. पुढे केंद्रात वाढवलेल्या पिल्लांना वाट दाखवायला मोठे पक्षीच नव्हते, म्हणून २००१ पासून माणसांनी छोट्या विमानामागे उडवत त्यांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेलं. एन-११ ला असा कोणी वाटाड्या नव्हता. होता फक्त टॅग.

टॅग काम कसा करतो?

यात दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण नेहमी तिथंच गोंधळतो.

पहिलं काम लोकेशन शोधणं. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवत असतात. टॅग ते फक्त ऐकतो. कमीत कमी चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो स्वतःची जागा काढतो. यासाठी मोबाइल नेटवर्क लागतच नाही. म्हणूनच बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही, आधी डाउनलोड केलेल्या नकाशावर निळा ठिपका सरकत राहतो. करून बघा!

दुसरं काम ती माहिती पाठवणं. इथं मात्र नेटवर्क लागतं. जीएसएम टॅग रेंज नसेल तर नोंदी साठवून ठेवतो, आणि पक्षी टॉवरच्या टप्प्यात आला की एकदम पाठवतो. आपला अडकलेला मेसेज रेंज आल्यावर जातो ना, अगदी तसंच. काही टॅग तर थेट उपग्रहामार्फत माहिती पाठवतात.

चार्जिंगचं काय? टॅगवर छोटं सोलर पॅनल असतं. आणि वजन? पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे ५ किलोच्या गिधाडाला १५० ग्रॅमपर्यंत. आपले कितीतरी फोन याहून जड आहेत!

एवढा खटाटोप कशासाठी?

१९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडं संपली. कारण निघालं गुराढोरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावरात हे औषध असलं, तरी गिधाडांची संख्या कोसळू शकते. कारण एकाच जनावरावर कितीतरी गिधाडं तुटून पडतात. २००६ मध्ये जनावरांसाठी यावर बंदी आली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर ती यायला २०२३ उजाडलं.

आता टॅगचं महत्त्व बघा. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना साधारण १०० किलोमीटरची त्रिज्या धरतात. पण एन-११ ने चार-पाच राज्यं पालथी घातली! म्हणजे ताडोब्याभोवतीची गावं सुरक्षित करून भागणार नाही. वाटेतल्या कोणत्याही गावात टाकलेलं एक जनावर त्याचा जीव घेऊ शकतं. ठिपका बराच वेळ एकाच जागी थांबला, तर पथक तिथं जाऊन बघू शकतं. पक्षी आजारी असेल तर उपचार होतात, मेला असेल तर कारण शोधता येतं.

आपण काय करायचं?

एप्रिल २०२५ मध्ये मेळघाटातही पिंजोरहून लांब चोचीची गिधाडं आणली गेली. आमचं अंबाबरवा याच व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तेव्हा हा विषय आता आमच्या गोठ्यापर्यंत आलाय.

• घरच्या गाई-म्हशींना इंजेक्शन देताना डॉक्टरांना विचारा, "मेलोक्सिकॅम चालेल का?" ते गिधाडांसाठी सुरक्षित आहे.
• माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून जनावराला टोचू नका.
• पाठीवर टॅग असलेलं गिधाड जमिनीवर बसलेलं दिसलं तर लांब राहा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.
• फोटो काढला तर नेमकं लोकेशन स्टेटसला टाकू नका. गर्दी झाली की पक्षी बिथरतो.

टॅग फक्त गिधाड कुठं आहे ते सांगतो. खाली उतरल्यावर त्याच्या पुढ्यात काय पडलेलं असेल, ते आपल्याच हातात आहे.