गच्ची गळते पावसात, फुटते उन्हात



सिकंदराबादेत आपल्यापैकी अनेकांची घरे आणि व्यवसाय सपाट गच्चीखाली आहेत. कुणाची जनरल बाजारात मलगी आहे, कुणाचे राणीगंजला गोदाम आहे, कुणाचा दवाखाना आहे, तर कुणी वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग घेते. दर जुलैत तक्रार एकच असते: "छत गळतंय." मग मेस्त्रीला बोलावायचे, त्याने भेगेवर सिमेंटचे पाणी किंवा काळे डांबर फासायचे, गणपती कसेबसे कोरडे पार पडायचे आणि पुढच्या जुलैत तीच बादली त्याच जागी ठेवायची.

हे चक्र थांबवायचे तर गच्चीला नेमके काय होते ते समजून घ्यायला हवे. गळती पावसात दिसते, पण तिची तयारी त्याआधीच्या थंडीत आणि उन्हाळ्यात झालेली असते. शिवाय गळतीचा प्रश्न ओल्या भिंतीपुरता राहत नाही. बरीच वर्षे मुरलेले पाणी स्लॅबमधली सळई खाते आणि मग प्रश्न खाली बसणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा होतो.

स्लॅब हलतो कसा

आपले शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून दूर आहे. त्यामुळे इथे मुंबईसारखे सम हवामान नसते. बेगमपेटच्या जुन्या नोंदींत मे-जूनचे तापमान ४५ अंशांच्या वर गेलेले आहे आणि जानेवारीत ते ६ अंशांच्या आसपास उतरलेले आहे. हे झाले हवेचे तापमान. मे महिन्यात दुपारी काळपट गच्चीचा पृष्ठभाग सहज ६० अंशांवर जातो. अनवाणी पाय टेकवता येत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे.

तापले की काँक्रीट पसरते आणि निवले की आकसते. वीस मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर तो साधारण ६ मिलिमीटर लांबतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण स्लॅबला भिंतींनी, तुळयांनी आणि कठड्याने चहूबाजूंनी धरून ठेवलेले असते. त्याला हलायला जागा मिळाली नाही की ताण कुठेतरी बाहेर पडतो. म्हणून भेगा बहुधा ठरलेल्या जागी दिसतात: कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या पायांशी, जुने आणि नवे बांधकाम जिथे जोडले आहे तिथे.

त्यात भर वळवाच्या पावसाची. दिवसभर तापलेल्या गच्चीवर एप्रिल-मेच्या संध्याकाळी सरी कोसळतात आणि वरचा थर काही मिनिटांत निवतो. आतले काँक्रीट मात्र अजून गरम असते. वरचा थर आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही. अशा वेळी वरच्या गिलाव्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. जूनच्या पावसाला आत शिरायला तेवढे पुरते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. ही भेग जिवंत असते. ती जानेवारीच्या पहाटे सर्वांत रुंद आणि मेच्या दुपारी सर्वांत अरुंद असते. तिच्यात नुसते सिमेंट भरले तर सिमेंटला ताणता येत नाही, म्हणून ती त्याच जागी किंवा बोटभर बाजूला पुन्हा फुटते. अशा भेगेत रबरासारखा ताणला जाणारा लवचीक मसाला भरावा लागतो.

वाळवंटात बर्फ, आपल्याकडे गंज

लडाख किंवा अमेरिकेतले न्यू मेक्सिको यांसारख्या उंचावरच्या कोरड्या प्रदेशांतही सपाट छपरेच असतात. तिथे दिवसा ऊन कडक आणि रात्री तापमान शून्याखाली. दुपारी वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगेत शिरते, रात्री ते गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पाचर ठोकावी तशी भेग रुंद होते. दुसऱ्या दिवशी त्या रुंद भेगेत आणखी पाणी शिरते. हिवाळाभर हेच चालू राहिले की वरचे थर सुटून येतात. वाळवंटातल्या इमारतीला थंडीचा धोका कसला, असे आपल्याला वाटते. पण तिथल्या सपाट छपरांचे मोठे दुखणे हेच असते.

आपल्याकडे पाणी गोठत नाही. पण पाचर ठोकणारा आपल्याकडेही आहे, तो म्हणजे गंज. लोखंड गंजले की त्याच्या मूळ आकाराच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापते. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण ओल्या चुन्यासारख्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो. भेगेतून वर्षानुवर्षे पाणी आणि हवा आत जात राहिली की हे संरक्षण संपते. मग सळई गंजते, फुगते आणि आपल्या खालचे काँक्रीट ढकलून पाडते. हे खालचे आवरण स्लॅबमध्ये दीड-दोन सेंटिमीटरच जाड असते.

याची चिन्हे क्रमाने दिसतात. आधी छताच्या आतल्या बाजूला पांढरे क्षार फुटतात. मग तांबूस-तपकिरी डाग उमटतात. त्यानंतर सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते. शेवटी पोपडा सुटतो आणि सळई उघडी पडते. तांबूस डाग दिसला की ते काम रंगाऱ्याचे राहिले नाही, असे समजावे. लाकडी दांड्याने छत हलकेच ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर त्या जागेखाली मुले, ग्राहक किंवा रुग्ण बसवू नयेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. सुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच भरणी करायची असते. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा चढवला तर छत वरून नवे दिसते आणि आतून कुजत राहते.

थरावर थर

आपल्यातली अनेक कुटुंबे मराठवाड्यातून आलेली आहेत. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग होता. तिथली धाब्याची घरे आजी-आजोबांच्या बोलण्यात येतात. लाकडी सर, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर मातीचा जाड थर. हे छत उन्हाळ्यात गार राही. मृग लागण्याआधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपण्याची रीत होती. पण दर काही वर्षांनी वर माती पडत गेली आणि जुनी काढली गेली नाही, की छताचे वजन वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावरची ही जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो लोक गेले.

आज आपण माती टाकत नाही, पण सवय तीच आहे. गळती झाली की जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर फरशी, त्यावर चायना मोझॅक. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी माणसे आणि सामान मिळून साधारण १५० किलोचा भार धरण्याची पद्धत आहे. म्हणजे हिशेबात नसलेला एक जादा कोबा हा माणसे आणि सामान यांच्यासाठी धरलेली सगळी ताकद खाऊन टाकतो. म्हणून नियम असा: नवा थर टाकण्याआधी जुना सुटा थर काढा. कंत्राटदाराने "काढायची गरज नाही, वरूनच मारून देतो," असे सांगितले तर एकदा वजनाचा हिशेब विचारा.

चुन्याच्या जुन्या गच्च्या

छावणीच्या जुन्या बंगल्यांत आणि बाजारातल्या काही इमारतींत सिमेंटचा स्लॅबच नसतो. सागवानी वाशांवर उभ्या ठेवलेल्या पातळ विटा, वर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा थर आणि सर्वांत वर चपट्या फरश्या, अशी ती 'मद्रास टेरेस' पद्धत. काही ठिकाणी लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या उथळ कमानी असतात. चुन्याचे काम थोडे हलू शकते. बारीक भेगेत पाण्याबरोबर चुना उतरतो आणि ती काही अंशी आपोआप भरते. ओल आत गेली तरी ती वाळून बाहेर पडते.

अशा गच्चीवर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आत अडकते. भिंतीत रुतलेली वाशांची टोके कुजू लागतात, आणि ती दिसत नसल्यामुळे कळतही नाही. जुन्या गच्चीची दुरुस्ती चुन्यानेच करावी आणि वाशांची टोके वर्षातून एकदा तपासावीत.

पाण्याला वाट

सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत दुर्लक्षित आहे. गच्चीवर पाणी थांबता कामा नये. एक सेंटिमीटर साचलेले पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पाच सेंटिमीटर पाणी तुंबले तर १० टन वजन झाले.

आपल्या शहरात पाऊस एकदम येतो. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४० मिलिमीटर पडला होता आणि ऑक्टोबर २०२० चा पूर तर सर्वांना आठवतो. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, तर चार इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी नेतो. दोनशे चौरस मीटरला पाच पाइप हवेत. बाजारातल्या अनेक इमारतींना दोनच असतात आणि त्यातला एक पिंपळाच्या मुळांनी किंवा मांडवाच्या कापडाने बुजलेला असतो. पाइपाच्या तोंडाकडे दर एक मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार हवा.

कठड्याच्या कोपऱ्यात मेस्त्री गोलसर 'वाटा' करतात, तोही तपासावा. आणि गच्चीला भोके पाडू नयेत. मांडवाचे खांब, एसीचे स्टँड, सौर पॅनेलचे पाय, फलकांच्या चौकटी या सर्वांसाठी स्लॅबमध्ये बोल्ट मारले जातात. प्रत्येक बोल्ट हा गळतीचा नवा मार्ग असतो. उत्सवाच्या मांडवासाठी वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभे करता येतात.

पांढरी गच्ची

भेगांचे मूळ तापमानाच्या चढउतारात असेल, तर तो चढउतार कमी करणे हाच मुळावरचा इलाज. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, कमी हलतो आणि खालची खोलीही गार राहते. तेलंगण सरकारने एप्रिल २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरण जाहीर केले. त्यानुसार नव्या व्यावसायिक आणि सरकारी इमारतींना, तसेच ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या घरांना उष्णता परतवणारे छत करावे लागते. जुन्या इमारतींनाही ते करून घेण्यात फायदाच आहे. पांढरा परावर्तक रंग, पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांचे चायना मोझॅक किंवा साधी चुन्याची सफेदी, कोणतेही चालेल. सफेदी स्वस्त, पण दरवर्षी करावी लागते. रंग आधी भेगा भरून मगच लावावा. भेगेवर मारलेला रंग भेगेबरोबर फाटतो.

वर्षाचे वेळापत्रक

दिवाळीनंतर, पावसाळ्याच्या खुणा ताज्या असताना, छताच्या आतल्या डागांचे फोटो काढून ठेवावेत. जानेवारीत सकाळी लवकर गच्चीवर जावे, कारण तेव्हा भेगा उघड्या असतात. प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. वर्षभरात भेग खुणेपुढे गेली तर इंजिनिअरला दाखवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुरुस्ती करावी. कोब्याला आठ-दहा दिवस पाणी मारायला आणि नंतर तो वाळायला वेळ मिळतो. मेअखेरीस घाईने लावलेले रसायन तापलेल्या स्लॅबवर नीट धरत नाही. काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास उभे करून पाहावे. ही चाचणी पक्क्या सिमेंट स्लॅबसाठीच आहे. चुन्याच्या जुन्या गच्चीवर पाणी तुंबवू नये. मृगाच्या आठवडाभर आधी पाइपांची तोंडे साफ करावीत आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा.

बाजारातल्या सामाईक इमारतींत गच्ची सर्वांची असते, म्हणून तिची काळजी कुणाचीच नसते. वरच्या मजल्यावरचा एकटा खर्च करतो किंवा कुणीच करत नाही. पण सळई गंजली तर ती साऱ्या इमारतीची गंजते. तेव्हा येत्या जानेवारीत आपल्या इमारतीतल्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन एकदा गच्चीवर चढा. पेन्सिल, टॉर्च आणि लाकडी दांडा बरोबर असला की पुरे.