ग्रेप्पोची ब्रुनेल्लो

चांगली तांबडी वाइन गडद आणि दाट असते, असा समज पक्का आहे. बिऑन्दी-सान्ती घराण्याची ब्रुनेल्लो पेल्यात ओतली की तो पहिल्या नजरेतच डळमळतो. रंग माणकाचा, पण इतका नितळ की पेल्याआडची बोटं दिसावीत. जुनी बाटली असेल तर कडेला विटकरी झाक. वास सावकाश उलगडतो. आधी आंबट चेरी, मग संत्र्याची साल, वाळलेला गुलाब, तंबाखूचं पान. घोट घेतला की आंबटपणा पुढे येतो आणि मागोमाग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा तुरटपणा. तरुण वाइनमध्ये हे दोन्ही काहींना कडक वाटतात. पण त्यांच्याच जोरावर ती दशकानुदशकं टिकते.

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएनाच्या दक्षिणेला मोंताल्चिनो हे टेकडीवरचं गाव आहे. तिथली ‘तेनुता ग्रेप्पो’ ही या घराण्याची द्राक्षबाग. 1869 साली क्लेमेन्ते सान्ती यांच्या 1865च्या वाइनला स्थानिक प्रदर्शनात पदक मिळालं. पण खरं धाडस केलं ते त्यांच्या नातवाने, फेर्रुच्चो बिऑन्दी-सान्तीने. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दीच्या फौजेतून आलेला हा तरुण. आसपासचे लोक तेव्हा सांजोवेझे द्राक्षात इतर जाती, पांढरी द्राक्षंसुद्धा मिसळून लवकर पिता येईल अशी वाइन करत. फेर्रुच्चोने निवडक वेलींची फक्त सांजोवेझे द्राक्षं घेतली आणि त्यांची वाइन पिंपात वर्षानुवर्षं मुरवली. 1888ची ती वाइन आज आधुनिक ब्रुनेल्लोची सुरुवात मानली जाते.

पुढच्या पिढीतल्या तांक्रेदी यांनी दुसऱ्या महायुद्धात जुन्या बाटल्या भिंत बांधून तिच्याआड लपवल्या. त्यांनीच रुजवलेली ‘रिकोल्मातुरा’ची रीत मला फार मोलाची वाटते. बुचातून हवा खेळते, वर्षं सरतात तशी बाटलीतली पातळी उतरते. मग ग्राहकाने परत आणलेली बाटली उघडायची, वाइन चाखायची, शाबूत असेल तर त्याच सालच्या वाइनने भरून नवं बूच ठोकायचं. आपण विकलेल्या मालाची इतकी दीर्घ काळजी घेणारे उत्पादक विरळाच.

तांक्रेदींचे पुत्र फ्रांको यांनी 1970पासून ही धुरा सांभाळली. 1955च्या रिझर्व्हाला, म्हणजे निवडक द्राक्षांच्या, जास्त मुरवलेल्या वाइनला, ‘वाइन स्पेक्टेटर’ने विसाव्या शतकातल्या बारा श्रेष्ठ वाइनमध्ये स्थान दिलं; त्यात इटलीची ती एकटीच. 2008मध्ये मोंताल्चिनोतल्या काही उत्पादकांची ब्रुनेल्लोत इतर द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली, तेव्हाही फ्रांको शंभर टक्के सांजोवेझेवर ठाम राहिले. नव्या फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपांची फॅशन आली, ग्रेप्पोत स्लाव्होनियन ओकची मोठी पिंपं कायम राहिली. पंचवीस वर्षांहून जुन्या वेलींचीच द्राक्षं रिझर्व्हासाठी घ्यायची, हा दंडकही टिकला. माझ्या मते हा हट्ट योग्यच होता: त्यामुळेच या वाइनला स्वतःची चव उरली. 2013मध्ये फ्रांको गेले. पुढे काही वर्षांत मालकी फ्रेंच ईपीआय समूहाकडे गेली.

सांजोवेझे आपल्याला अगदी परकं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांत ते पिकतं. तिथली वाइन आधी चाखून जीभ तयार करावी. आणि कधी ग्रेप्पोची बाटली मिळालीच, तर फ्रांकोंचा सल्ला पाळा: जेवणाच्या आठेक तास आधी बूच काढा, वाइन दुसऱ्या भांड्यात ओतू नका. आणि ताटात मटण असू द्या.